घरच्या घरी क्राफ्ट बिअर कशी चाखावी आणि तिच्याबद्दल कसं लिहावं

बर्फासारखी गार बिअर, साबणाचा अंश राहिलेला ग्लास आणि नुकतंच झालेलं तिखट जेवण. या तीन गोष्टी एकत्र आल्या की उत्तम बिअरही सपक लागते आणि खापर बनवणाऱ्याच्या माथी फुटतं. घरी लिहिलेल्या परीक्षणांत चुका शिरतात त्या बहुधा इथून. दुसरी चूक पहिल्याच घोटाला होते. ‘आवडली’ किंवा ‘नाही आवडली’ हे मन ठरवून टाकतं आणि पुढचं सगळं लिखाण त्या निकालाला पुरावे गोळा करण्यात जातं. म्हणून इथे क्रम असा ठेवला आहे: आधी बिअरला न्याय मिळेल अशी तयारी, मग ग्लासात जे आहे त्याची नोंद आणि आवडनिवड सगळ्यात शेवटी.

बाटली उघडण्याआधी

लेबलवर पहिली शोधायची ती तारीख. आयपीए (इंडिया पेल एल) किंवा पेल एल या प्रकारांतला हॉप्सचा, म्हणजे बिअरला कडवटपणा आणि सुवास देणाऱ्या फुलांचा, टवटवीत वास सर्वांत आधी उतरतो. अशी बिअर फ्रिजमध्ये ठेवूनही भरल्यापासून तीनेक महिन्यांत संपवावी. उबदार जागी पडून राहिली असेल तर तेवढा वेळही ती टिकत नाही. उलट इम्पीरियल स्टाउट किंवा बार्लीवाइनसारख्या ८ ते १२ टक्के अल्कोहोलच्या जड बिअर वर्ष-दोन वर्षं चांगल्या मुरतात. भरल्याची तारीख छापलेली नसेल तर तसं वहीत लिहून ठेवा, कारण जुनी आयपीए आणि वाईट आयपीए या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

प्रकाश हा बिअरचा दुसरा शत्रू. हॉप्समधल्या कडू घटकांवर ऊन पडलं की गंधकाचं एक संयुग तयार होतं आणि बिअरला उग्र, जळक्या रबराची आठवण करून देणारा वास येतो. पारदर्शक ग्लासात, भर उन्हात हे काही मिनिटांत घडतं. तपकिरी काच बराचसा घातक प्रकाश अडवते, हिरवी थोडाच, आणि कॅन पूर्णपणे. हिरव्या किंवा पांढऱ्या बाटलीतली बिअर दुकानात कुठे ठेवलेली होती याकडे घेतानाच लक्ष द्या.

बाटलीतच आंबवलेली, तळाशी यीस्टचा गाळ असलेली बिअर चाखण्याआधी २४ तास फ्रिजमध्ये उभी ठेवा. आडवी ठेवलेली बाटली ऐन वेळी उभी केली तर गाळ खाली बसत नाही आणि शेवटच्या ग्लासात सगळा चिखल येतो.

ग्लास

महागडा संच लागत नाही. वाइनसाठी वापरतात तसा, पोटाशी रुंद आणि तोंडाशी निमुळता होत जाणारा २५० ते ३५० मिलिचा ग्लास या कामाला सर्वांत चांगला, कारण वास वरच्या भागात साठून राहतो. सरळ उभट ग्लासात तो उडून जातो. एका बैठकीतल्या सगळ्या बिअरना एकाच आकाराचे ग्लास वापरा, नाहीतर तुलना बिअरची होते की ग्लासांची हे कळणार नाही.

खरा मुद्दा स्वच्छतेचा आहे. तेलकट भांड्यांच्या घासणीने धुतलेला ग्लास डोळ्यांना चकचकीत दिसतो, पण स्निग्धांशाचा अदृश्य थर फेसाचा घात करतो. बिअरच्या ग्लासांसाठी वेगळा स्पंज ठेवा. थोडा बिनवासाचा साबण आणि गरम पाणी वापरून ग्लास नीट खळबळा आणि फडक्याने न पुसता जाळीवर उलटा वाळू द्या. तपासायची पद्धत सोपी आहे. ग्लास आतून ओला करा आणि त्यात बारीक मीठ भुरभुरवा. स्वच्छ काचेवर मीठ सगळीकडे सारखं चिकटतं, तेलकट जागी चिकटत नाही. बिअर ओतल्यावरही खूण मिळते. काचेला आतून बुडबुड्यांचे पुंजके चिकटून बसले असतील तर त्या जागी मळ आहे.

ग्लास फ्रीझरमध्ये ठेवू नका. काचेवरचं बर्फ वितळून बिअर पातळ होते, फेस उसळतो आणि थंडीने वास दबतो.

किती, कोणत्या क्रमाने

एका बैठकीला चार बिअर पुरेत, फार तर पाच. प्रत्येकीचे १०० मिलि घ्या. वास घ्यायला, सहा-सात लहान घोट घ्यायला आणि बिअर उबदार झाल्यावर पुन्हा बघायला एवढं पुरतं. ३३० मिलिची एक बाटली तीन जणांत बरोबर वाटली जाते. हिशोबही डोक्यात असू द्या. ५ टक्क्यांच्या १०० मिलि बिअरमध्ये ५ मिलि, म्हणजे साधारण ४ ग्रॅम अल्कोहोल असतं. सरासरी ६ टक्क्यांच्या चार बिअर चाखल्या तर १९ ग्रॅमच्या आसपास जातं. पाचव्या-सहाव्या ग्लासाला जीभ थकते, हात सैल होतो आणि नोंदी उदार होऊ लागतात. नंतर गाडी चालवायची असेल तर बैठक दुसऱ्या दिवशी ठेवा.

क्रम हलक्याकडून जडाकडे लावा: कमी अल्कोहोल आधी, कमी कडू आधी, भाजक्या चवीच्या बिअर नंतर. धुरकट, मसाला घातलेली किंवा जबर आंबट बिअर सगळ्यात शेवटी, कारण त्यांच्यामागून आलेल्या नाजूक पिल्सनरला, म्हणजे थंडीत आंबवलेल्या फिक्या लागर बिअरला, काहीच संधी उरत नाही. रंगावरून क्रम ठरवू नका. ४ टक्क्यांचा काळा ड्राय स्टाउट ८ टक्क्यांच्या सोनेरी डबल आयपीएपेक्षा कितीतरी हलका असतो.

बैठकीच्या तासभर आधीपासून तिखट, कॉफी, पुदिन्याची गोळी आणि सिगारेट बंद. अत्तर लावू नका, आणि ओठांवर लिपस्टिक असेल तर ती पुसून घ्या, तिने फेस मरतो. दोन बिअरच्या मध्ये खोलीच्या तापमानाचं साधं पाणी आणि बिनमिठाच्या पावाचा तुकडा घ्यावा. चीज, खारे दाणे वगैरे चाखून झाल्यावर.

तापमान

या एका गोष्टीकडे सर्वांत जास्त दुर्लक्ष होतं आणि सर्वांत जास्त फरक हिनेच पडतो. फ्रिजमध्ये साधारण ४ अंश सेल्सिअस असतं. त्या थंडीत गंधद्रव्यं नाकापर्यंत पोचत नाहीत आणि माल्टचा, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या धान्याचा, गोडवा झाकला जातो. फिक्या लागरसाठी ५ ते ७ अंश, गव्हाच्या बिअरसाठी ७ ते ९, पेल एल आणि आयपीएसाठी ८ ते ११, स्टाउट आणि पोर्टर या काळपट बिअरसाठी १० ते १३, बार्लीवाइन आणि इम्पीरियल स्टाउटसाठी १३ ते १६ अंश हा अंदाज धरा. स्वयंपाकघरातला टोकदार थर्मामीटर ग्लासात बुडवून आकडा बघा. ‘दहा मिनिटं बाहेर ठेवली’ याला अर्थ नाही, कारण ते खोलीवर अवलंबून आहे.

गार बिअर तळहातात धरून उबदार करता येते, उबदार झालेली ग्लासात गार करता येत नाही. म्हणून ठरलेल्या आकड्यापेक्षा दोन अंश गारच ओता आणि ग्लास तापत जाईल तशा नोंदी घ्या. एकाच बिअरच्या ८ अंशांच्या आणि १४ अंशांच्या नोंदी शेजारी ठेवल्या तर कित्येकदा दोन वेगळ्या बिअर वाटतात.

ओतणं

ग्लास ४५ अंशांत तिरका धरा, बिअर काचेच्या मधोमध पडू द्या. अर्ध्याच्या पुढे गेलं की ग्लास सरळ करा आणि बाटली थोडी वर उचलून धार मधोमध सोडा, म्हणजे दोन-तीन सेंमी फेस येईल. फेस टाळण्यासाठी शेवटपर्यंत काचेवरूनच ओतणं ही चूक आहे. त्यात वायू बिअरमध्ये कोंडून राहतो, वास वर येत नाही आणि पोट मात्र फुगतं. हेफेवायझेनसारख्या (जर्मन पद्धतीची गव्हाची बिअर) गढूळच प्यायच्या बिअरमध्ये तळाशी थोडी शिल्लक ठेवा, बाटली गोल फिरवून गाळ मिसळा आणि तो वरून ओता. पण आधी स्वच्छ भागाचा एक घोट घेऊन नोंद करा, गाळाने काय बदललं ते मग कळतं.

आधी नाक

बिअर ओतल्या ओतल्या पहिलं काम वास घेण्याचं, रंग बघण्याचं नाही. गंधकाचे काही वास मिनिटभरात उडून जातात, आणि ते गेले की पुन्हा सापडत नाहीत. रंग कुठे जात नाही.

चार टप्प्यांत वास घ्या. ग्लास नाकाखालून एक हात अंतरावरून नुसता फिरवा. इथे जे जाणवतं ते सर्वांत ठळक. मग नाक ग्लासाच्या काठावर आणून दोन-तीन छोटे हुंगे. त्यानंतर एक लांब श्वास. शेवटी ग्लासावर तळहात झाका, दहा सेकंद हलके गोल फिरवा, हात काढा आणि लगेच हुंगा. दोन टप्प्यांच्या मध्ये स्वतःच्या बाहीचा वास घेतला तर नाक पुन्हा ताजं होतं. सतत हुंगत राहिलं की अर्ध्या मिनिटात नाक त्या वासाला सरावतं आणि तो ‘नाहीसा’ होतो.

काय शोधायचं ते सुचत नसेल तर तीन घरांत शोधा. माल्टच्या घरात पाव, बिस्किट, मध, टॉफी, सुकामेवा, कॉफी, चॉकलेट. हॉप्सच्या घरात संत्र्याची साल, ग्रेपफ्रूट, पाइनचा चीक, गवत, फुलं, आंबा, मिरी. यीस्टच्या घरात केळं, लवंग, नासपती, मिरपूड. प्रत्येक घरातून एकतरी शब्द लिहा. काहीच नसेल तर ‘हॉप्स नाहीत’ असं लिहा, कारण तीही माहिती आहे.

मग डोळे. याला फार वेळ नको. पांढऱ्या कागदासमोर ग्लास धरून रंग, पारदर्शकपणा, फेसाचा रंग आणि फेस किती मिनिटं टिकला एवढं लिहा. रंगाचा आकडा काही लेबलांवर एसआरएम या मोजपट्टीत असतो: २-३ म्हणजे फिकट गवती, ५-६ सोनेरी, ३५ च्या पुढे काळा. ईबीसी या युरोपीय मोजपट्टीचा आकडा याच्या जवळपास दुप्पट असतो.

घोट

पहिला घोट फक्त जीभ सरावण्यासाठी, त्यावर काही लिहू नका. दुसरा घोट १५ मिलिच्या आसपास घ्या आणि पाच सेकंद तोंडात सगळीकडे फिरवा. जिभेच्या टोकाला गोड, मागे कडू असा नकाशा शाळेत शिकवला जातो, तो चुकीचा आहे. सगळ्या चवी जिभेवर सगळीकडे कळतात. गिळल्यावर तोंड बंद ठेवून नाकाने श्वास सोडा. आपण ज्याला चव म्हणतो त्यातला फार मोठा भाग याच क्षणी, घशामागून नाकात चढणाऱ्या वासाने कळतो. खात्री करायची असेल तर एक घोट नाक चिमटीत धरून घ्या. गोड, आंबट, कडू उरतं, केळं आणि लवंग गायब होतात.

चव एका ठिकाणी थांबत नाही, म्हणून ती सुरुवात, मध्य आणि शेवट अशी लिहा. आधी काय आलं, मध्ये काय चढलं, गिळल्यावर काय मागे राहिलं आणि किती वेळ. कडवटपणाचा आयबीयू हा आकडा लेबलवर असला तरी त्यावर विसंबू नका. ६० आयबीयूचा गोडसर इम्पीरियल स्टाउट ४० आयबीयूच्या कोरड्या पिल्सनरपेक्षा कमी कडू लागू शकतो, कारण उरलेली साखर कडवटपणा झाकते. कडू आणि तुरट यांतही गल्लत होते. कडू ही चव आहे. तुरट ही कोरडेपणाची जाणीव आहे, कच्चं केळं खाल्ल्यावर हिरड्या आवळल्यासारख्या होतात ती.

तोंडात बिअर पाण्यासारखी पातळ आहे की दुधासारखी भरीव, बुडबुडे टोचतात की मऊ आहेत, घशात अल्कोहोलची ऊब लागते की जळजळ, हे वेगळं नोंदवा.

दोष ओळखणं

इथे घाई करू नये, कारण एकाच वासाला एका बिअरमध्ये गुण म्हणतात आणि दुसरीत दोष. केळ्याचा वास हेफेवायझेनची ओळख आहे. तोच पिल्सनरमध्ये आला तर यीस्ट फार गरम वातावरणात काम करत होतं अशी शंका घ्यावी.

लोण्यासारखा, टॉफीसारखा वास आणि जिभेवर ओशट थर असेल तर तो डायअॅसिटिल. आंबताना यीस्ट तो तयार करतं आणि वेळ दिला तर परत शोषूनही घेतं. बिअर घाईने थंड केली की तो उरतो. जिवाणूंच्या संसर्गानेही येतो. काही माणसांना हा वास जवळपास येतच नाही, त्यामुळे दोघा-तिघांनी मिळून चाखलेलं बरं. उकडलेल्या मक्याचा किंवा कोबीचा वास डीएमएस (डायमिथाइल सल्फाइड) या गंधकाच्या संयुगाचा. तो फिक्या माल्टमधून येतो आणि उकळताना भांड्यावर झाकण ठेवलं किंवा कमी वेळ उकळलं तर बाहेर पडत नाही. हिरव्या, कच्च्या सफरचंदाचा वास अॅसिटाल्डिहाइडचा, म्हणजे बहुधा बिअर पुरती तयार होण्याआधीच बाटलीत भरली. ओल्या पुठ्ठ्याचा, जुन्या कागदाचा वास हवेचा परिणाम दाखवतो. उबदार साठवणीत तो लवकर येतो. जखमेवरच्या चिकटपट्टीसारखा, दवाखान्याचा वास आला तर पाण्यातल्या किंवा सफाईच्या रसायनातल्या क्लोरिनवर संशय घ्या. धातूची चव वाटते का, हे पक्कं करायला हाताच्या पाठीवर दोन थेंब चोळा आणि हुंगा. धातू असेल तर वास त्वचेवर उठून येतो.

हे वास वाचून कळत नाहीत, नाकाला शिकवावे लागतात. त्यासाठी झाकणाच्या लहान बरण्या घ्या. एकीत दोन ठेचलेल्या लवंगा, एकीत पिकलेल्या केळ्याचा तुकडा, एकीत हिरव्या सफरचंदाची चेचलेली फोड, एकीत डबाबंद मक्याचं पाणी, एकीत लोणी, एकीत ओल्या पुठ्ठ्याचे तुकडे, एकीत मध. बरण्यांना कागद गुंडाळून तळाशी क्रमांक लिहा, दुसऱ्याला उलटसुलट मांडायला सांगा आणि डोळ्यांनी न बघता ओळखा. पहिल्या दिवशी अर्धे चुकतील. आठवडाभर रोज पाच मिनिटं दिली तर नावं आपोआप ओठांवर येऊ लागतात.

त्यापुढची पायरी प्रत्यक्ष बिअरमध्ये. साध्या, सौम्य लागरची ३३० मिलिची बाटली तीन पारदर्शक ग्लासांत सारखी वाटा. पहिला तसाच झाकून सावलीत ठेवा. दुसऱ्यात पाव चमचा साधं पांढरं व्हिनेगर मिसळा. तिसऱ्यावर पातळ प्लास्टिक ताणून तो अर्धा तास कडक उन्हात ठेवा आणि नंतर पुन्हा गार करा. तिघांचा वास शेजारी शेजारी घेतला की संसर्गाचा आंबटपणा आणि उन्हाचा वास पुन्हा कधी चुकत नाही.

लिहायचं कसं

‘मस्त, फ्रेश, स्मूद, एकदा घ्याच.’ हे वाचून बिअर कशी आहे ते कुणालाच कळत नाही, सहा महिन्यांनी लिहिणाऱ्यालाही नाही. त्याऐवजी ही नोंद बघा:

‘हेफेवायझेन, ५.२ टक्के, ५०० मिलिची बाटली, भरून ७ आठवडे. ८ अंशांना ओतली. वास: पिकलेलं केळं ठळक, मागून लवंग, ताज्या पावाची कड, हॉप्स जवळपास नाहीत. १२ अंशांना लवंग पुढे आली. रंग फिका सोनेरी, गढूळ. फेस पांढरा, दाट, ३ सेंमी, तीन मिनिटांनी अर्धा शिल्लक. चव: सुरुवातीला पावाचा गोडवा, मध्ये केळं, शेवट कोरडा आणि किंचित आंबूस, कडवटपणा नावाला. बुडबुडे भरपूर पण मऊ, भरीवपणा मध्यम. दोष जाणवला नाही. गाळ मिसळल्यावर लवंग दबली, पावाची चव वाढली. शैलीला धरून आहे. मला केळं जरा जास्त वाटलं, तरी पुन्हा घेईन.’

यात ‘मला’ हा शब्द शेवटच्या वाक्यात आला. त्याआधीचं सगळं केळं न आवडणाऱ्यालाही उपयोगी आहे आणि केळ्यासाठीच बिअर घेणाऱ्यालाही. ‘फळांचा वास’ एवढ्यावर थांबू नका. कोणतं फळ, कच्चं की पिकलं, साल की गर, असं एक पायरी खाली उतरा. न जाणवलेली गोष्ट लेबलवर छापली आहे म्हणून लिहू नका. लेबलचं वर्णन नोंद पूर्ण झाल्यावरच वाचा.

गुण द्यायचे असतील तर स्वतःची पट्टी शोधण्यात वेळ घालवण्यापेक्षा १९८५ साली अमेरिकेत सुरू झालेल्या बिअर जज सर्टिफिकेशन प्रोग्रॅमची ५० गुणांची पट्टी वापरा: वासाला १२, दिसण्याला ३, चवीला २०, तोंडातल्या जाणिवेला ५ आणि एकूण परिणामाला १०. तिथे ३८ च्या पुढे उत्कृष्ट आणि ४५ च्या पुढे असामान्य मानतात. ही पट्टी शैलीशी जुळणं मोजते, त्यामुळे कुठल्याच शैलीत न बसणाऱ्या प्रयोगशील बिअरला ती जाचक ठरते. तिथे गुण न देता वर्णनच ठेवावं.

स्वतःची परीक्षा

नाव आणि किंमत माहीत असली की जीभ त्यांच्या बाजूने झुकते, म्हणून महिन्यातून एकदा त्रिकोण चाचणी करा. सारख्या दिसणाऱ्या दोन बिअर घ्या. मदतनीसाने तीन ग्लास आडोशाला भरायचे, दोन एकीचे आणि एक दुसरीचा, तळाशी खुणा करून. रंगात फरक असेल तर दिवा मंद करा किंवा ग्लासांना कागद गुंडाळा. तिन्हींचं तापमान आणि फेस सारखे हवेत, नाहीतर उत्तर त्यावरूनच फुटतं. चाखणाऱ्याने फक्त वेगळा ग्लास ओळखायचा. नुसत्या अंदाजानेही तीनात एकदा उत्तर बरोबर येतं, त्यामुळे एका फेरीवर खूश होऊ नका. लागोपाठ तीन फेऱ्या बरोबर आल्या तर ते योगायोगाने होण्याची शक्यता २७ मध्ये १ आहे. प्रत्येक फेरीला ३० मिलि पुरतात आणि कोणता ग्लास कुठे ठेवायचा हे दर वेळी फासा टाकून ठरवायचं. ज्या जोडीत फरक कळला नाही, तिच्या आधीच्या नोंदी काढून बघा: तिथे एकीला दुसरीपेक्षा दहा गुण जास्त दिलेले असतील तर दोन्ही पुन्हा, नाव झाकून चाखायच्या.